धुतलेलं सीताफळ

फळ धुणं म्हणजे नळाखाली धरून चोळणं, एवढंच मला पन्नास वर्षं माहीत होतं. मिरजेत आमचं रसाचं दुकान होतं, तिथं मी टोपल्याच्या टोपल्या धुतल्या. फळ आतूनही धुता येतं हे मला दुकान बंद करून डायलिसिस सेंटरात नोकरीला लागल्यावर कळलं. तिथं मला एका यंत्रावर ठेवलं. फळांचा गर आणि बर्फ एकत्र घुसळून पेशंटना कप द्यायचे, एवढंच काम. मुलाखत घेणाऱ्या पोरानं विचारलं, "मावशी, मिक्सर चालवता येतो का?" मी म्हटलं, "तुझं वय असेल तेवढी वर्षं चालवलाय." लगेच घेतलं.

खरं सांगायचं तर नोकरी मी नोकरीसाठी धरलीच नव्हती. माझ्या नणंदेला, त्रिशलावन्संना, आठवड्यातून तीन सकाळी तिथंच न्यावं लागायचं. चार तास बाहेरच्या बाकावर माश्या मारत बसण्यापेक्षा आत काहीतरी करावं म्हटलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, भूपालची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं पीटीच्या बाई होत्या. मिरजेतल्या कितीतरी बायका अजून त्यांना बघितलं की पाठ ताठ करतात. किडन्या गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच सकाळी मला म्हणाल्या, "पद्मा, केर काढताना गुडघ्यात वाक. कंबर जाईल अशानं." मी म्हटलं, "तुम्ही काढा की वन्सं, मी शिट्टी वाजवते." तेव्हापासून आमचं जमलं. रोज भांडायचो, पण एकमेकींशिवाय चैन पडायचं नाही.

आता ते यंत्र. किडनीचं एक काम म्हणजे रक्तातलं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं. किडनी थकली की ते साठतं, आणि फार साठलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. चालताबोलता माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. आणि हे पोटॅशियम असतं कुठं, तर खावंसं वाटेल त्या प्रत्येक फळात. केळं, आंबा, चिकू, सीताफळ. पाण्यावरही बंधन, दिवसाला लिटरभर, त्यातच चहा आणि त्यातच आमटी. म्हणून बर्फ. तेवढंच पाणी गोठवून चघळलं की तोंड बराच वेळ ओलं राहतं आणि तहान फसते.

आमचं यंत्र फळाचा गर पातळ करून बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून फिरवायचं. बोअरचं जड पाणी हलकं करायच्या टाकीत असतात, त्याच जातीचे मणी. ते पोटॅशियम धरून ठेवतात आणि बदल्यात थोडं कॅल्शियम सोडतात. मग डायलिसिसमध्ये वाहून जाणारं प्रथिन भरून निघावं म्हणून दुधातलं प्रथिन घालायचं, बर्फ टाकायचा आणि घुसळायचं. गर किती धुवायचा ते यंत्र ठरवायचं. प्रत्येक पेशंटच्या दंडावर एक पट्टी चिकटवलेली असायची. रक्तातले क्षार, अंगावरची सूज, हृदयाचे ठोके, सगळं ती यंत्राला कळवायची. पडद्यावर शून्य ते दहा असा धुण्याचा आकडा यायचा. तो फक्त मला आणि डॉक्टरांना दिसायचा. दहा धुणं म्हणजे नावाला फळ, बाकी गार पाणी. पेशंटांनी यंत्राचं नाव ठेवलं होतं धुणंवाली.

सकाळच्या बॅचला आठ खुर्च्या होत्या आणि त्या बॅचची एक रीत होती. कप हातात आला की पहिला चमचा शेजारच्याला. एक हात सुयांमध्ये अडकलेला, म्हणून दुसऱ्या हातानं कप पुढं करायचा आणि म्हणायचं, "बघ गं, तुझ्यापेक्षा बरं आहे का?" एका चमच्यानं काही बिघडत नाही म्हणून डॉक्टर नेर्लेकर काणाडोळा करायचे. वन्सं आधी म्हणाल्या, "हा कसला बेशिस्तपणा." दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या शैलाला त्याच भरवताना दिसल्या. मी बघितलं तर म्हणाल्या, "काय बघायलीस? काम कर."

मागच्या दिवाळीनंतर कंपनीचा माणूस आला आणि त्यानं यंत्रात नवीन काहीतरी घातलं. आधी ते फक्त आजचे आकडे बघायचं. आता ते पुढचंही बघायला लागलं.

पहिला शून्य आला तो मे महिन्यात, हुसेनचाचांचा. चाचा तंबोरे बनवायचे, सत्तरीचे, गोड माणूस. आंबा लावला होता. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, पट्टीचे आकडे तपासले आणि म्हणाले, "बरोबर आहे. द्या." चाचांनी चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "बेटी, हा तर झाडावरचा आंबा आहे." सगळ्या बॅचला आनंद. चाचा बरे व्हायला लागले असं समजून त्यांच्या कपातला एकेक चमचा सगळ्यांनी घेतला. तीन आठवड्यांनी चाचा गेले.

मग जूनमध्ये तिसऱ्या खुर्चीवरच्या गुरुजींना चिकू आला, न धुतलेला. महिनाभरात गुरुजी गेले. श्रावणात आणखी एक बाई गेल्या. तेव्हा शैला सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्याच्या कपाला चव येते, तो जातो." डायलिसिसची आठ यंत्रं घरघरत होती तेवढीच.

मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "हे काय चाललंय?"

ते तरुण होते, त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "मावशी, यंत्राला कुणी मरण सांगायला शिकवलेलं नाही. त्याला एवढंच शिकवलंय की जमेल तिथं चव द्या. ते रोज बघतं की आजच्या पथ्यानं या माणसाचं आयुष्य किती वाढेल. हजारो पेशंटांच्या पट्ट्यांवरून शिकलंय ते. उत्तर आलं की काहीच वाढणार नाही, तर ते म्हणतं, मग कशाला छळायचं? खाऊ दे."

"म्हणजे तेच झालं की."

"तेच झालं," ते म्हणाले.

त्यानंतर बॅचची रीत तीच राहिली, पण तिचा अर्थ फिरला. पहिला चमचा शेजारी द्यायचा तो आता तपासायला. शेजारच्यानं जिभेवर घोळवायचं आणि सांगायचं. "पाणचट आहे गं तुझं." "खरंच? बघ नीट." "अगदी पाणी." मग कपवाल्याचा चेहरा खुलायचा. मी आयुष्यभर लोकांना रस पाजला, फळाला चव नाही म्हणून माणसं खूश झालेली मी तिथंच बघितली. घरी येऊन भूपालला सांगताना मला रडू फुटलं.

भाद्रपदात एके दिवशी घरी जाताना वन्सं रिक्षात म्हणाल्या, "पद्मा, तुला आकडा दिसतो ना?"

"दिसतो. मग?"

"माझा शून्य आला की त्याच दिवशी मला सांगायचं."

"काहीतरीच काय बोलायलात."

"मधे बोलू नको. आमच्या आईनं सत्तरीला गूळ सोडला. मग दूध सोडलं, मग तूप. एकेक करून, आपल्या हातानं. नियम घेतला की घेतला. गेली तेव्हा तिच्याकडून काढून घ्यावं असं काही उरलंच नव्हतं. माझं बघ. पाणी आजारानं नेलं, फळं आजारानं नेली. त्याला सोडलं म्हणत नाहीत गं, ते हिसकावून घेतलेलं. समोर ठेवलंय, खायची मोकळीक आहे, जीव मागतोय आणि मी नको म्हटलं, तर ते सुटलं."

"मग आत्ताच सोडा की. सीताफळ सोडलं म्हणा."

"मला ते मिळतच नाही, तर सोडू काय? डोकं!"

सीताफळ म्हणजे त्यांचा जीव होता. शाळा सुटली की गाडीपाशी उभ्या राहून तीन-तीन खायच्या, आणि बिया कुणाच्या लांब जातात त्याची माझ्याशी पैज लावायच्या. एवढी शिस्तीची बाई, पण सीताफळापुढं शिस्त संपली. त्या म्हणाल्या, "न धुतलेलं सीताफळ ज्या दिवशी ते यंत्र मला देईल, त्या दिवशी मी ते परत पाठवीन. मग पुढचं एकेक. डोकं ठिकाणावर असताना करायचंय मला हे. एवढं एकच माझ्या हातानं करायचं राहिलंय. सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

दसरा झाल्यानंतरचा मंगळवार. सीताफळाचा गर आला होता. मी नळी लावली, पट्टी जोडली आणि पडद्यावर आलं, त्रिशला मगदूम, सीताफळ, शून्य.

मी वळून बघितलं. वन्सं खुर्चीत बसून शैलाला सांगत होत्या, "खांदे मागं घे, पोक काढून बसू नको." चेहरा सुजला होता हे खरं, पण तो तर महिनाभर सुजलेलाच होता. मला वाटलं, आज सांगितलं तर या उद्यापासून एकेक सोडायला लागतील. आधी सीताफळ, मग भात, मग दूध. आणि ताट मागं सरकवताना मी समोर बसून बघायचं. आमच्या जैनांत असं एकेक सोडत देह ठेवायची रीत आहे, आणि ही शिस्तीची बाई, एकदा सुरू केलं की थांबणार नाही. मला त्या हव्या होत्या. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच सोज्वळपणा कशाला आणू.

यंत्रावर 'हाताने' असं एक बटण असतं. धुणं कमी करायला डॉक्टरांची परवानगी लागते, वाढवायला कुणाचीच लागत नाही. मी ते दाबलं आणि आठ केलं.

शैलानं पहिला चमचा घेतला. जिभेवर घोळवला. "पाणचट आहे, बाई."

"शाब्बास," वन्सं म्हणाल्या आणि कप संपवला.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "आज किती होता?"

"आठ."

"आठ म्हणजे बरं चाललंय." त्या खुशीत होत्या. "दिवाळी झाली की बाहुबलीला जाऊन येऊ. तिथं मुनी महाराजांसमोर विचारते, न मिळणाऱ्या गोष्टीचा नियम घेता येतो का. तोवर घाई काही नाही."

घाई काही नाही, असं त्या म्हणाल्या आणि मी मान हलवली.

मग रोजचंच झालं. गुरुवारी शून्य, मी आठ केलं. शनिवारी शून्य, मी सात केलं, जरा तरी चव लागावी म्हणून. शैला म्हणाली, "किंचित लागतंय गं," आणि वन्संचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी मी नऊ केलं. म्हणजे बघा, ज्या बाईला यंत्र मोकळं सीताफळ द्यायला तयार होतं, तिला मी गार पाणी भरवत होते. खायचं सुख नाही आणि सोडायचंही नाही.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलंच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, हातानं का वाढवताय?"

"घरचं माणूस आहे. मी सांगणार आहे त्यांना."

"तो तुमचा घरचा निर्णय. पण फार दिवस लावू नका. हृदय थकलंय, डोक्याला रक्त कमी पोचायला लागेल. मग तुम्ही सांगितलं तरी त्यांना समजणार नाही."

"या रविवारी सांगते," मी म्हटलं.

रविवारी भूपालनं त्याच्या आक्काला व्हरांड्यात बसवून डोक्याला तेल लावलं. दोघं बहीणभाऊ लहानपणच्या कुठल्यातरी कबड्डीवरून हसत होते. मी चहाचा अर्धा कप घेऊन गेले, सांगायचं म्हणून तोंडही उघडलं. वन्सं म्हणाल्या, "काय गं, मासा अडकल्यासारखं तोंड केलंस?" मी म्हटलं, "काही नाही, साखर बघा पुरे आहे का." आणि आत आले. मोरीत उभी राहून स्वतःला चार शिव्या दिल्या. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी त्यांना दम लागत होता, म्हटलं मंगळवारी.

पुढच्या शनिवारी सकाळी त्या उठून मला म्हणाल्या, "घंटा झाली का?"

"कसली घंटा, वन्सं?"

"शाळेची. मुली उन्हात उभ्या आहेत."

थोड्या वेळानं त्या सावरल्या, स्वतःच म्हणाल्या, "काय बोलले मी आत्ता?" पण दुपारपर्यंत दोनदा तसंच झालं आणि रविवारी, ऐन दिवाळीत, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पहिला शून्य आल्याला अठरा दिवस, एकोणीस दिवस, मी बोटांवर मोजत राहिले.

सोमवारी दुपारी त्या उशीला टेकून बसल्या होत्या. नजर स्वच्छ वाटली. मी स्टूल ओढलं आणि एका दमात सांगितलं. "वन्सं, शून्य आला होता. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी. मी तुमच्याशी खोटं बोलले. हातानं धुणं वाढवून तुम्हाला पाणचट कप देत राहिले."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावतील, शिव्या देतील, काहीही चाललं असतं.

"मंगळवारी?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंगळवारी मला जमलं असतं गं, पद्मा." मग म्हणाल्या, "आण. आत्ता आण."

मी अक्षरशः पळत गेले. सेंटर त्याच इमारतीत खाली होतं. डॉक्टर नेर्लेकरांना म्हटलं, आज शून्यालाच देते, त्यांनी मान हलवली. गर घातला, नळी बाजूला काढली, बर्फ टाकला. घुसळताना सगळ्या खोलीभर सीताफळाचा वास सुटला. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य घोकत होते, की समोर ठेवायचं, त्यांनी नको म्हणायचं, आणि मी कप परत न्यायचा. झालं. अजून वेळ गेलेली नाही.

वर आले तेव्हा दारात भूपाल उभा होता, नुकताच आलेला. मी कप वन्संच्या समोरच्या पाटावर ठेवला आणि म्हटलं, "वन्सं, हे सीताफळ. धुतलेलं नाही. खायची मोकळीक आहे तुम्हाला."

त्यांनी हात उचलला. पंजा पुढं, मुलींना थांबवताना करायच्या तसा. मला वाटलं, जिंकलो आपण. हात तसाच हवेत थोडा वेळ राहिला. मग वास पोचला असावा. नाकपुड्या हलल्या, हात खाली आला आणि त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

चमचा होता, तो त्यांनी घेतला नाही. कप तोंडाला लावला. घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. अडीच वर्षांची भूक होती ती. माझ्याच्यानं बघवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "वन्सं, नको म्हणायचं होतं ना तुम्हाला? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखीची खूण नव्हती. "कुणाला?" त्या म्हणाल्या. मग रिकामा कप माझ्या पुढं धरला. "आणखी आहे?"

भूपाल दारातून आत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. मला म्हणाला, "बघ की, आक्का किती दिवसांनी पोटभर खायलीय. फार बरं केलंस, पद्मा. आण आणखी."

मी खाली गेले आणि आणखी एक कप आणला. तोही त्यांनी तसाच संपवला. तिसरा मागितला, तोही दिला. नाही म्हणायचा हक्क त्यांचा होता, माझा नव्हता.

बुधवारी पहाटे त्या गेल्या. भेटायला येणारी माणसं म्हणत होती, शेवटी आवडीचं खाऊन गेल्या, नशीबवान बाई. भूपाल प्रत्येकाला ते तीन कप कौतुकानं सांगत होता, आणि दर वेळी शेवटी म्हणत होता, "आमच्या पद्मामुळं." मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.